लहान मापाची सायकल

९ जानेवारी

मुलीने डायरी पाठवली आहे. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत नाही, निदान लिहा तरी." मी बोलत नाही हे तितकंसं खरं नाही. माझं काम कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा पाठवतात, मी त्यावरून कवळी करून परत पाठवतो. माणूस कधी दिसत नाही, नुसता जबडा येतो. इतकी वर्षं जबड्यांच्या संगतीत काढली की बोलण्याची सवय मोडते, एवढंच.

लिहायचंच तर खरं लिहितो. उजवा हात हलतो. कामात असला की फारसा नाही, रिकामा असला की हलतो. मांडीवर ठेवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायला लागतात, चिमटीत तपकीर चोळावी तशी. मी तपकीर ओढत नाही.

घरी सांगितलेलं नाही. हात खिशात घालून बसतो. ही म्हणाली, "थंडी वाजते का?" हो म्हणालो. तिने स्वेटर आणून दिला. आता घरात सदैव स्वेटर घालून बसावं लागतं.

१७ जानेवारी

मेणात दात बसवताना एक सुळा चिमट्यातून उडाला. कपाटाखाली सापडला. असं पूर्वी होत नसे.

हातात ताकद कमी झाली असावी असं माझं निदान आहे. व्यायाम हवा. दातांच्या डॉक्टरांकडे काम पोचवायला गेलो होतो, तिथे भिंतीवरच्या फळ्याला एक चिठ्ठी लावलेली दिसली: "शर्यतीची जुनी सायकल, पोलादी, उत्तम स्थितीत, चालवणाऱ्यालाच देणे आहे." सायकलचं हँडल धरलं की मनगटाला व्यायाम होतो. शिवाय हँडल धरलेला हात हलताना कुणी पाहिलेला नाही.

अक्षर हल्ली बारीक येतं. डायरीचं एक पान दोन दिवसांना पुरतं.

२० जानेवारी

सायकल घेतली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. बुटक्या, केस बारीक कापलेले. मी म्हणालो, "सायकल बघायला आलोय. मिस्टर आहेत का?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"मिस्टर नाहीत. सायकल आहे," असं म्हणून त्या आत गेल्या आणि सायकल एका हाताने उचलून घेऊन आल्या.

असं काही मी इतक्या जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. फिकट निळा रंग, काही ठिकाणी उडालेला. नळ्या बोटाएवढ्या वाटाव्यात इतक्या सडपातळ. जिथे दोन नळ्या मिळतात तिथे पोलादाचा जोड, त्याची कड पानासारखी कोरलेली, आणि त्या कडेवर कुणीतरी ब्रशने बारीक सोनेरी रेघ ओढलेली. रेघ कुठेही थरथरलेली नव्हती. हे मी बराच वेळ पाहत बसलो. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, चामड्याची सीट, पायडलवर पाय अडकवायचे पट्टे. गिअर बदलायचे दोन छोटे खटके हँडलवर नसून खालच्या तिरक्या नळीवर. चालवता चालवता वाकून हात खाली न्यायचा.

भिंतीवर शर्यतींचे फोटो होते. सगळ्यांत एकच शिडशिडीत पोरगा याच सायकलवर ओणवा झालेला, टोपीखाली चेहरा धड दिसत नव्हता. बाईंचा भाऊ असावा. विचारलं नाही. गेला असेल बिचारा.

मी सायकलच्या दांड्यावर टांग टाकून उभा राहिलो. बाई दूर जाऊन बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला लहान आहे ही. तुमच्या पायांना मोठं माप लागेल."

"चालेल."

"घरात आणखी कोण आहे?"

"बायको."

"तिची उंची?"

मी खांद्यापाशी हात धरून दाखवला, डावा. "पण तिला शिवणकामातून वेळ नसतो."

"असं," म्हणाल्या.

विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला नावं ठेवलेली मी पहिल्यांदाच ऐकली. असा प्रामाणिक माणूस भेटला की मी पुढे बघत नाही.

घरी आणली तेव्हा ही मशीनवर बसलेली होती. हिचा पुढच्या खोलीत कपडे उसवून मापाचे करून देण्याचा धंदा आहे. घर भरून लोकांचे सैल कपडे टांगलेले असतात. उठली, सायकलभोवती एक फेरी मारली. जोडावरच्या रेघेवरून नख फिरवलं.

"शिलाई चांगली आहे," म्हणाली. मग, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. गिऱ्हाइकाला पाहते तसं. "बरं," म्हणाली.

२२ जानेवारी

पहिली फेरी. फाटकाशी थांबलो. पाय पट्ट्यात अडकलेले असतात हे थांबल्यावर आठवलं. उभ्याचा आडवा झालो. समोरच्या इमारतीचा रखवालदार धावत आला आणि त्याने आधी सायकल उचलली.

२६ जानेवारी

गुडघे हँडलला लागतात. कंबर धरली आहे. तरी सीट होईल तितकी वर करून घेतली आणि नदीकाठच्या रस्त्याने जाऊन आलो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पूल ओलांडल्यावर रस्ता सरळ आणि रिकामा होता. सायकल चालताना आवाज करत नाही, नुसती चेन कुजबुजते. मी खाली पाहिलं तर उजवा हात हँडलवर शांत बसला होता. एखादं कुत्रं मांडीवर झोपतं तसा. मी त्याला उठवलं नाही, तसाच पुढे गेलो, लागतं त्याहून बराच पुढे.

४ फेब्रुवारी

सीट खाली घसरली आहे. चार बोटं तरी. मी चावी घेऊन वर केली.

७ फेब्रुवारी

पुन्हा खाली. मी आठवड्यातून दोनदाच चालवतो, मंगळवारी आणि रविवारी संध्याकाळी. पोलाद जुनं झालं की सैल पडत असेल.

हिने माझ्या सगळ्या शर्टांना टिचबटणं लावली आहेत. वरून पूर्वीचीच बटणं दिसतात, ती नुसती शोभेला शिवलेली, आत टिचबटण. दाबलं की लागतं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "धुवायला बरं पडतं." धुण्याचा आणि बटणाचा काय संबंध ते कळलं नाही, पण तिच्या धंद्यात मी बोलत नाही.

११ फेब्रुवारी

सायकलवाल्याकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान आहे. त्याने सीटचा नट आवळला, वर लटकून पाहिलं, पुन्हा लटकून पाहिलं.

"ही घसरत नाही," म्हणाला.

"घसरते."

"घसरली तर थोडी थोडी घसरेल. बरोबर चार बोटं घसरून थांबणार नाही ना, काका."

त्याला जुन्या मालाचा अनुभव नाही. उलट मलाच म्हणाला, "चेनला तेल मात्र छान देता तुम्ही." मी चेनला एकदाही तेल दिलेलं नाही. जुन्या वस्तूंत तेल मुरलेलं असतं.

१५ फेब्रुवारी

सायकल विकलेल्या बाईंचा फोन आला होता. त्या दर एप्रिलमध्ये जुन्या पोलादी सायकलींची फेरी भरवतात. गावाबाहेर टेकडीपर्यंत आणि परत. मी माझं नाव घालायला सांगितलं. फोन हिने घेतला होता आणि मला देण्याआधी बराच वेळ बोलत होती.

"काय म्हणत होत्या?"

"चौकशी करत होत्या."

"कुणाची?"

"सायकलची. कशी आहे, कुठवर जाते."

तुला काय माहीत, असं विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात तिने चहा आणला. चहा हल्ली अर्धा कपच देते. मागितला तर पुन्हा अर्धा देते. काटकसर म्हणावी तर एकूण तेवढाच होतो.

२१ फेब्रुवारी

हिने माझ्यासाठी सायकलची चड्डी शिवली. काळी, ताणणारं कापड, बसायच्या जागी आतून गादी. काम नामी आहे. पण मला कंबरेत शिरेना आणि लांबीला तोकडी. हिचं माप चुकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. वय होत चाललं, तिचंही. तिला वाईट वाटू नये म्हणून, "ठेव, बारीक झालो की घालेन," असं म्हणालो. तिने लगेच ठेवून दिली.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडून दोन कवळ्या परत आल्या. चावताना एका बाजूला उचलते, अशी दोन्ही माणसांची तक्रार. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे आहेत, तोंडावर बोलायला संकोचतात. म्हणाले, "काका, कामाचा लोड जास्त होतोय का? थोडे दिवस आराम करा."

परत आलेली कवळी हातात घेऊन बसलो. दात कुठे चुकले ते मला दिसत होतं. दिसतं सगळं. करायला गेलं की हात त्याच्या मनाने जातो. लोकांना वाटतं कवळी बसत नाही म्हणजे तोंडात दोष आहे. तोंडात दोष नसतो.

दोन्ही पुन्हा करायला घेतल्या. आठवडा जाईल असं दिसतं.

६ मार्च

हिच्या उजव्या पोटरीवर काळा डाग दिसला. दातेरी. सारख्या अंतरावर सारखे दात, गोलाईत. माझ्या धंद्यामुळे दातांच्या ठशावर नजर जातेच. इतके एकसारखे दात मी कुणाच्या तोंडात पाहिलेले नाहीत.

"हे काय लागलं?"

"मशीनचं तेल."

शिवणाच्या मशीनलाही खाली चाक असतं. पटलं.

हिची तब्येत मात्र सुधारली आहे. मी सकाळी कवळ्यांच्या कारखान्यात गेलो की फिरायला जाते म्हणाली. दोन पोळ्या जास्त खाते. काल कपडे कापताना गात होती. मी खोलीत गेल्यावर थांबली.

१० मार्च

पडलो. उतारावर गिअर बदलायला उजवा हात खाली नेला. खटका हातात येईना. बोटं त्याच्या आजूबाजूला नुसती फडफडली. तेवढ्यात पुढचं चाक वळलं आणि मी कुणाच्यातरी कुंपणात गेलो. सायकलला ओरखडाही नाही. मी बऱ्यापैकी सोललो.

घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

ही जखमा धूत होती. म्हणाली, "कुठल्या रंगाचं?"

"घाईत होतो, पाहिलं नाही."

"बरं," म्हणाली. फुंकर मारून औषध लावलं. मग माझा उजवा हात हातात घेऊन बसली. आयोडीन वाळेपर्यंत धरावा लागतो म्हणाली. वाळायला फार वेळ लागला.

१९ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी कारखान्यातून टेकडीवरच्या दवाखान्यात काम पोचवायला निघालो होतो. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. चढ सुरू झाला तशी बस रेंगाळली. पुढे एक सायकलस्वार चढत होता. पाठ सपाट, कोपर आत, डोकं स्थिर. पाय असे फिरत होते की त्यांना चढ आहे हे कुणी सांगितलंच नसावं. मनात म्हटलं, याला म्हणतात मापाची सायकल. माणूस कुठे संपतो आणि नळी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

मग निळा रंग दिसला. पहिला विचार आला तो हाच की सायकल चोरीला गेली. उठून उभाही राहिलो.

मग चड्डी ओळखली.

बस तिच्या शेजारून गेली. माझ्यात आणि तिच्यात काच होती आणि हातभर अंतर. तिने इकडे पाहिलं नाही. तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर... काय लिहावं. रागावलेली नव्हती, हसत नव्हती. तो चेहरा मी लग्नाला इतकी वर्षं होऊन पाहिलेला नव्हता. तो तिचा एकटीचा होता.

बसमधली शेजारची बाई म्हणाली, "बसा ना, पडाल."

बसलो.

२० मार्च

काही बोललो नाही. चोर सापडला, पण तक्रार करायची कुठे?

सीट घसरत नव्हती तर. सायकलवाल्याला मी उगाच मनातून बोललो.

२३ मार्च

तीन दिवस मनात घोळवतो आहे. मला राग आला आहे. आपली एक वस्तू असावी, एक रस्ता असावा, जिथे हात शांत बसतो. तिथेही ही आधी जाऊन आलेली. आणि माझ्यापेक्षा चांगली चालवते. याचा राग जास्त आहे हे मान्य करतो.

२४ मार्च

बोललो. ती कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती.

म्हणालो, "टेकडीचा चढ तुला जमतो की."

तिने बाही खाली ठेवली. "कधी पाहिलंत?"

"बसमधून."

"मला वाटलं सीटवरूनच कळेल. मी मुद्दाम वर करून ठेवत नव्हते."

माझा एकदम आवाज चढला. म्हणालो, "अगं, एकच गोष्ट माझी म्हणून आणली होती. विचारायचं तरी! दोन महिने चोरून..."

"चोरून काय? दारातून नेते, दारातून आणते. रखवालदार रोज सलाम करतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत?"

"मी काय सांगायचं होतं?"

ती उठली. माझ्यासमोर आली, शर्टाच्या गळ्याशी दोन्ही बाजू धरल्या आणि एकदा ओढलं. टक टक टक टक, शर्ट खालपर्यंत उघडला. मी तसाच उभा. मग ती म्हणाली, "दिवाणखान्याच्या आरशासमोर एका बटणाशी झगडत होतात. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता सांगाल, मग सांगाल. तुम्ही स्वेटर घालून बसलात."

"थंडी..."

"मेमध्ये पण घालणार होतात?"

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. चहा अर्धा का, तेही कळलं. भरला की सांडतो. मी सांडतो हे मला कुणी दाखवून दिलं नव्हतं, कारण अर्धा कप सांडत नाही.

मी खुर्चीत बसलो. तिने माझी टिचबटणं पुन्हा लावली, वरून खाली. लावता लावता बोलत होती. "पहिल्या दिवशी फाटकात पडलात ना, तेव्हा वाटलं, बघून यावं तरी ही वस्तू काय आहे. रस्ता कसा आहे, खड्डे कुठे आहेत. तुम्ही पडलात तर कुठे पडाल. लहानपणी दादाची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायचे, अर्धं पायडल. एवढीच माझी शिकवणी. पुलापर्यंत गेले. बघायचं ते बघून झालं." शेवटचं बटण लावून झालं होतं, तरी हात तिथेच होता. "मग परत यावंसं वाटेना."

"आलीस ना पण?"

"आले. कोट द्यायचा होता एकाचा."

थोड्या वेळाने म्हणाली, "मला भीती वाटतेय हो." असं ती कधी म्हणत नाही. मी म्हणालो, "मलाही." दोघांनी अर्धा अर्धा कप चहा घेतला.

२ एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, दोघं. डॉक्टरांनी बोटं आपटायला सांगितली, खोलीत चालायला सांगितलं. एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "माझी तब्येत उत्तम आहे." "उत्तम"पर्यंत अक्षर ठीक होतं. "आहे" मुंगीएवढं आलं.

कंपवात आहे. डॉक्टरांनी पाश्चात्त्य नावही सांगितलं, ते कुठल्याशा जुन्या डॉक्टरचं आडनाव आहे. आपल्याला झालेलं दुखणं दुसऱ्याच्या आडनावाने ओळखायचं. बरा होत नाही. औषधांनी बरीच वर्षं आटोक्यात राहतो, व्यायामाने फायदा होतो. मी म्हणालो, सायकल चालवतो. ते म्हणाले, उत्तम, पण रस्त्यावर आणि पट्टेवाली नको, तोल जाईल. खोलीत उभी करून चालवायची मिळते, ती घ्या.

ही म्हणाली, "किती मापाची?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

परतताना बसमध्ये मी तिला विचारलं, "काम सुटलं तर मी काय करायचं?" ती म्हणाली, "आत्ताच सुटलंय का? नाही ना. मग आत्ता खिडकीतून बघा." बघत होतो. दुकानं, झाडं, गाड्या धुणारा एक माणूस. मग तिच्याकडे पाहिलं तर ती तोंड फिरवून रडत होती, आवाज न करता, पदराची सुटलेली कड बोटाने आत मुडपत. धंद्याची सवय. मी हात तिच्या हातावर ठेवला. त्यामुळे तिचाही हलायला लागला.

५ एप्रिल

दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. ते उठून उभे राहिले, मी काहीतरी मोठं केल्यासारखे. पूर्ण कवळ्या आता मी करायच्या नाहीत, डागडुजीचं काम पाठवतील. मुलीलाही फोन केला. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "आई कशी आहे?" मी म्हणालो, "टेकडी चढते." तिला वाटलं मी विषय बदलतोय.

१२ एप्रिल

औषध सुरू होऊन आठवडा झाला. हात थोडा निवला आहे. अक्षरही दोन ओळी टिकतं.

फेरीत माझं नाव आहे ते बदलायला हवं. हिला म्हणालो, "तू जा." ती म्हणाली, "छे, शर्यत नको मला." मी म्हणालो, "शर्यत नाही, फेरी आहे." "मग एवढे लोक कशाला?" असं दिवसभर चाललं. संध्याकाळी पाहिलं तर चड्डीची शिवण पक्की करत बसली होती.

बाईंकडे मीच गेलो. "नाव बदलायचं आहे. माझ्याऐवजी बायको चालवेल."

"मी जागा तशीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "पुलावर भेटते मला. तेल कुठलं घालायचं ते मीच सांगितलं तिला."

घरात माझ्याशिवाय सगळ्यांना सगळं माहीत असतं. इथे गावालाही होतं.

निघताना फोटोकडे पाहून म्हणालो, "हा तुमचा भाऊ का?"

"मी आहे ती."

"केस बारीक होते."

"अजूनही आहेत," बाई म्हणाल्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण पहिल्या दिवशी मी मिस्टरांना विचारलं होतं तेही आठवलं आणि कुठून सुरू करावं ते कळेना. त्यांनी मला पाण्याची एक बाटली दिली, लहान, पत्र्याची. "चढाच्या शेवटच्या वळणावर उभे राहा. तिथे घसा सुकतो. चालत्या सायकलवर हातात द्यायची."

मी उजवा हात वर करून दाखवला. तो हलत होता.

"डावा आहे ना?" त्या म्हणाल्या.

२१ एप्रिल

सकाळपासून वळणावर उभा होतो. आणखी लोक होते, आपापल्या माणसांची वाट बघत. ऊन चढलं. पहिली सायकल आली, मग जथाच आला. सगळी जुनी लोखंडं आणि त्यांच्यावर बहुतेक म्हातारे पुरुष, तोंडं उघडी. कितीतरी कवळ्या मला ओळखू आल्या.

मग ती आली. एकटी, दोन घोळक्यांच्या मधे. निळी सायकल उन्हात पांढरी दिसत होती. मी येणाऱ्या सायकलींकडे तोंड करून उभा होतो, रस्ता माझ्या उजव्या हाताला होता. डाव्या हाताने बाटली द्यायची तर येणाऱ्यांकडे पाठ करून वळायला हवं होतं. हे आदल्या दिवशी लक्षात यायला हवं होतं. वळलो तर ती दिसेना. म्हणून पुन्हा वळलो आणि बाटली उजव्या हातात घेऊन पुढे धरली.

औषध घेतलेलं होतं. पण सगळे बघत होते आणि ती येत होती. हात सुटला. बाटली अशी नाचायला लागली की आतलं पाणी वाजत होतं. मी डाव्या हाताने मनगट धरलं तर दोन्ही हलायला लागले. ती जवळ आली, हात पुढे केला, बोटं बाटलीला लागली आणि बाटली निसटून गवतात पडली. ती पुढे गेली.

शेजारचा माणूस म्हणाला, "होतं असं."

मी बाटली उचलत होतो. गवत पुसलं. मान वर केली तर ती परत येत होती. उताराने खाली, सगळ्यांच्या उलट्या दिशेने. येणारे लोक ओरडत होते, "अहो बाई, बाजूला, बाजूला!" एकाने घंटा वाजवली. ती माझ्या पुढून खाली गेली, जिथे रस्ता रुंद होतो तिथे वळली आणि तोच चढ पुन्हा चढू लागली.

मी ओरडलो, "अगं, वेळ जातोय तुझा! जा तू!"

"जाऊ दे!" खालून ओरडली. श्वास लागला होता, शब्द तुटत होते. "धरा पुढे!"

"हलतोय!"

"हलू दे! थांबवू नका! मी बघते!"

मी मनगट सोडलं. हात पुढे केला आणि त्याला हवं तसं हलू दिलं. पंचवीसएक माणसांच्या समोर, स्वेटर नाही, खिसा नाही. ती माझ्या हाताकडे बघत येत होती. चेहरा बसमधून पाहिला होता तोच, फक्त आता माझ्याकडे वळलेला. जवळ येताच तिने हँडलवरचा हात सोडला, क्षणभर माझ्या हातासारखाच वरखाली होऊ दिला, आणि बाटली वर आली तेव्हा घेतली.

तिथेच प्यायली नाही. बाटली दातांत धरली, दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि वळणावरून वर गेली. मागे वळून पाहिलं नाही. चढावर पाहू नये, तोल जातो.